दादाने नापास केलेला पत्ता

माझा भाऊ लिफ्ट तपासतो. बसवत नाही, दुरुस्त करत नाही, नुसता तपासतो. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायचा त्याला पगार मिळतो. खोट सापडली की दाराला 'वापर बंद' अशी लाल पाटी अडकवून हा खुशाल पुढच्या इमारतीत जातो. वरच्या मजल्यावरचे म्हातारे जिने चढोत नाहीतर घरात बसोत, ह्याला देणंघेणं नाही. लोक तोंडावर शिव्या घालतात. "घालू देत," म्हणतो. "शिव्या घालायला जिवंत आहेत ना?"

लिफ्टपुरतं हे ठीक आहे. मी शाळेची बस चालवते, ब्रेकच्या बाबतीत मीही कुणाचं ऐकत नाही. पण माणसाने घरी येताना काम दाराबाहेर चपलांशेजारी काढून यावं की नाही? दादाचं तसं नाही. कुणाकडे गेला की बसायच्या आधी खुर्ची हलवून बघतो. मी वाढदिवसाला छत्री दिली, तर पठ्ठ्याने ती घरातच उघडून एकेक काडी ओढून पाहिली आणि म्हणाला, "ही वाऱ्यात टिकायची नाही." अरे, आधी छान आहे म्हण ना! माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या मेहुण्याला ह्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मैद्याची पोती उचलताना गुडघ्यात वाकता की कमरेत?" आमचा हा बेकरीवाला. बिचारा घाबरून म्हणाला, कमरेत. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी न बघताच माल उचलला.

आणि खरं सांगते, बेकरीवाल्याची पाठ पुढे गेलीच. दादाचा खरा त्रास हाच आहे. तो बहुतेक वेळा बरोबर असतो. चुकणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. ह्याच्याशी भांडायचं म्हणजे आपलाच घसा बसवून घ्यायचा.

आम्ही दर रविवारी दादाकडे जो पत्त्यांचा खेळ खेळायचो, तो घरात आणला वहिनीने. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळेच ते विसरले, मीसुद्धा. वहिनी रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये काम करते. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर नकाशा, आणि पलीकडे कुणीतरी रडत नाहीतर किंचाळत असतं. कुठली गाडी कुठे पाठवायची, कुणाला थोडं थांबा म्हणायचं, हे ती तिथल्या तिथे ठरवते आणि पुढचा फोन घेते. तिला म्हणे रविवारी दुपारी असं काहीतरी हवं होतं, की ज्यात चुकलं तरी कुणी मरत नाही. म्हणून हा खेळ.

खेळ असा आहे. आपण चौघं चार महानायक. समोर एक खलनायक; तो कुणी खेळत नाही, त्याची स्वतःची गड्डी असते, तिच्यातले पत्ते उलटत गेलं की तो आपोआप आपल्यावर तुटून पडतो. प्रत्येकाला जास्तीत जास्त सहा पत्ते. एखादा पत्ता खेळायचा तर त्याची किंमत हातातलेच दुसरे पत्ते टाकून चुकवायची. मधे एक पट्टी असते, तिच्यावर शहराचं संकट दर फेरीला एकेक घर वर चढतं. शेवटच्या घरात पोचलं की खेळ खलास. आणि मुख्य म्हणजे इथे आपसात हारजीत नाही. जिंकलो तर चौघं, हरलो तर चौघं. घरात भांडणं नकोत म्हणूनच वहिनीने हा निवडला होता. हसू नका.

दादाने चिलखत्या घेतला हे वेगळं सांगायला नको. मार खाणं आणि दुसऱ्याचा मार अडवणं, एवढंच त्याचं काम. मला मिळाली भिरभिरी, सारखी पळणारी. बेकरीवाल्याला डोंगरोबा, दिसायला आडदांड पण पत्ते सगळे मलमपट्टीचे. हा पहाटेपासून भट्टीसमोर उभा असतो, त्यामुळे रविवारी दुपारी बसल्या जागी पेंगतो, आणि डोंगरोबाला ते शोभतंही. वहिनीची ठिणगी. ठिणगीची खुबी ही, की तिचे पत्ते दुसऱ्याच्या पत्त्याची किंमत चुकवायलाही चालतात. ही खुबीच तिच्या मुळावर आली.

पहिले काही रविवार आम्ही हरलो आणि मजेत हरलो. मग एकदा दादा म्हणाला, "आपण पत्ते हातात धरून एकमेकांपासून लपवतोय कशाला? सगळे एकाच बाजूचे ना?"

तेव्हापासून आमच्या घरचा नियम झाला: चौघांचेही पत्ते टेबलावर, उघडे. आणि पत्ते उघडे पडले म्हणताच दादाची नजर त्यांच्यावरून फिरायला लागली. "तू तो लाल टाक. तू थांब. अगं, तुझे ते दोन हिच्यासाठी मोड. तो नको, त्याच्या शेजारचा." आम्ही तिघं म्हणजे नुसते हात. एकदा मी पाणी प्यायला उठले तर म्हणतो कसा, "तू जा, तुझी पाळी मी खेळतो." आणि खेळला की! मी परत आले तर भिरभिरीने अख्खं शहर वाचवून ठेवलेलं. बरं वाटावं की थोबाडीत द्यावी, कळेना.

दुसऱ्यांची किंमत चुकवायला सगळ्यात जास्त मोडले जायचे ते अर्थात वहिनीचे पत्ते. तिच्या पुढ्यात सहा यायचे, आणि फिरत फिरत तिची पाळी येईपर्यंत एखादाच उरायचा. "तुझ्याकडे आता काही नाही, चला पुढे," असं म्हणून दादा खलनायकाची गड्डी उलटायचा. मी वहिनीच्या बाजूने तणतणायचे, तर तीच म्हणायची, "असू दे गं, त्यांना बरं वाटतं."

एवढं करून आम्ही जिंकत होतो म्हणावं, तर तेही धड नाही. साधे खलनायक हरायचे, पण शेवटचा, ज्याला आम्ही अंधारशेठ म्हणायचो, तो काही बधेना. कारण गड्डीत कुठले पत्ते घ्यायचे हे ठरवणार दादा, आणि दादाला घ्यायच्या फक्त ढाली. अंधारशेठने मारायचं, आम्ही अडवायचं, आणि तोवर संकट आपलं शांतपणे वर चढत बसायचं. आम्हाला कुणी चीत करत नव्हतं. आम्ही आपोआप हरत होतो.

अशात वहिनीने त्या खेळाचं एक नवं पाकीट आणलं. त्यात ठिणगीसाठी एक वाराचा पत्ता निघाला. नाव, 'होत्याचं नव्हतं'. खाली लिहिलेलं: हातात उरलेले सगळे पत्ते टाका, टाकलेल्या प्रत्येक पत्त्यामागे खलनायकाला दोन घाव. वहिनीने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि लहान मुलीसारखी हसली. मी तिला असं हसताना पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

"बघू," म्हणून दादाने हात पुढे केला.

नवा पत्ता दादाकडून पास झाल्याशिवाय गड्डीत जायचा नाही, हाही आमच्याकडे नियमच झाला होता. कुणी केला, कधी केला, देव जाणे. दादा पत्ता ठेवून घ्यायचा, संध्याकाळी एकटाच टेबलावर खेळ मांडून तो तपासायचा आणि रविवारी निकाल द्यायचा. नापास झालेले पत्ते बिस्किटांच्या एका डब्यात जायचे. त्या डब्यात आमचे सगळे मजेचे पत्ते होते.

पुढच्या रविवारी टेबलाशी बसतो न बसतो तोच दादाने पत्ता वहिनीसमोर ठेवला. "नापास."

"का पण?" मी विचारलं.

"सोपं आहे. हा पत्ता चालायला हातात पाच तरी पत्ते हवेत. ठिणगीच्या हातात उरतात किती? एक, फार तर दोन. म्हणजे घाव दोन, नाहीतर चार. एवढ्यासाठी हात मोकळा करून बसायचं? आणि पुढच्या फेरीला अंधारशेठने मारलं तर अडवायला काही नाही. मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. पेलणार नाही."

"मला तो हवाय," वहिनी म्हणाली.

"अगं, पण कशाला?"

"आवडला."

"आवडला हे कारण झालं का?"

इथे माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मग काय कारण लागतं रे तुला? लेखी अर्ज देऊ का? खेळ आहे तो, दादा! लिफ्ट नाही, वरून कुणी पडणार नाहीये!"

"ओरडतेस कशाला?" दादा म्हणाला. "चुकत असेन तर दाखव." हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते मला दाखवता येईना. बेकरीवाल्याने एक डोळा उघडला, परिस्थिती पाहिली आणि मिटला.

वहिनीने मात्र आवाज चढवला नाही. ती कामावर फोनवर बोलते ना, तशी एकेक प्रश्न विचारत गेली.

"तुम्ही हा तपासलात कसा?"

"व्यवस्थित. चारही महानायक मांडून. तू दुपारपाळीला असायचीस तेव्हा, रोज."

"चौघांचे पत्ते कोण खेळलं?"

"मीच. दुसरं आहे कोण घरात?"

"आणि ठिणगीच्या हातात एक-दोनच का उरले?"

दादाला प्रश्नच कळला नाही. "का म्हणजे? बाकीच्यांना लागतात ना ते. माझ्या ढालीला, हिच्या पळापळीला."

"लागतात असं कुणी ठरवलं?"

"खेळात दिसतं ते. कुणी ठरवायचं काय त्यात?"

"तुम्ही ठरवलंत," वहिनी म्हणाली. "चारही हात तुम्ही खेळलात. ठिणगीचे पत्ते तुम्हीच मोडलेत आणि तुम्हीच म्हणताय, तिच्याकडे काही उरत नाही. मी असते तर ठेवले असते. ह्या सगळ्या तपासणीत मी कुठे होते?"

मी तोंडावर हात ठेवला. इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि दर रविवारी ओरडत होते मी!

दादाने पत्ता पुन्हा वाचला. मला वाटलं, आता हा म्हणेल की चुकलं. कसलं काय. "पण मी बरोबरच खेळलो होतो," तो म्हणाला.

वहिनीने पत्ता उचलून आपल्या गड्डीत सरकवला. "हा इथे राहील. आजपासून पत्ते प्रत्येकाच्या हातात राहतील. बोलायचं तेवढं बोला, पण माझे पत्ते मी खेळेन. नाहीतर पुढच्या रविवारपासून मी बसणार नाही. कामावर माणसं कमीच आहेत, रविवारची पाळी मागून घेते."

ती धमकी देत नव्हती. वहिनी धमक्या देत नाही, हेच भीतीचं होतं. दादाला मित्र नाहीत. कसे असतील? ज्याच्या घरी जातो त्याची खुर्ची हलवून बघतो. माणसं म्हणून त्याला आम्ही तिघं, आणि आम्ही तिघं त्याला मिळायचो ते ह्या टेबलाशी. मला माझं मी जगता येतं, मला बस आहे, पोरांचा कलकलाट आहे. पण वहिनी उठली तर टेबल उठलं, आणि टेबल उठलं की दादा संध्याकाळी चारही हात मांडून एकटाच बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. त्याला दिसत होतं की नाही कोण जाणे. "बरं," एवढंच म्हणून त्याने आपले पत्ते हातात उचलले.

त्या दिवशी अंधारशेठविरुद्धच मांडला. बाप रे, काय तो खेळ! दादाला इतरांचे पत्ते दिसत नव्हते, तर तो खुर्चीत नुसता वळवळत होता. "तुझ्याकडे निळा असेल ना?" "असेल," वहिनी म्हणायची. "किती आहेत?" "आहेत." मला आतून गुदगुल्या होत होत्या. पण थोड्या वेळाने माझंही हसू मावळलं, कारण भिरभिरीवर अंधारशेठने मोठा वार केला आणि मी वहिनीला म्हटलं, "एक पत्ता मोड ना माझ्यासाठी, वाचते मी." तर वहिनी म्हणाली, "नाही गं. मला ठेवायचेत." आणि भिरभिरी आडवी झाली! उरलेला खेळ मी नुसती बघत बसले. वहिनीची बाजू घेऊन मी घसा कोरडा करायचा आणि हिने मलाच मरू द्यायचं, ह्याला काय म्हणावं?

पण खोटं कशाला बोलू, आम्ही इतके पुढे कधीच गेलो नव्हतो. शेवटची फेरी आली. संकट शेवटून दुसऱ्या घरात. म्हणजे ही फेरी संपली की संपलंच. अंधारशेठचे अकरा प्राण उरलेले. आधी दादाची पाळी, मग डोंगरोबाची, शेवटी ठिणगीची.

वहिनी फेरीच्या सुरुवातीलाच स्पष्ट म्हणाली, "ऐका. माझ्याकडून दहा जातील. कुणीतरी एक घाव मारा. फक्त एक. बाकी माझ्यावर सोडा."

बेकरीवाला आता टक्क जागा होता. त्याने आपले पत्ते चाळले. "माझ्याकडे नुसती मलमं आहेत. दादा, तुमच्याकडे बघा."

दादाने पत्ते पाहिले. वर खाली केले. मान खाजवली. मग दोन पत्ते टाकून त्यांच्या किमतीत त्याने समोर मोठी ढाल मांडली. "माझं झालं."

"ढाल?" मी म्हटलं. "ही शेवटची फेरी आहे! ढाल काय करायचीय आता?"

"जर हिचे दहा गेले नाहीत तर?"

"तर आपण हरलोच आहोत ना, दादा!"

बेकरीवाल्याने एक मलम डोंगरोबाला लावलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग वहिनीने हातातले पत्ते एकेक करून टेबलावर मांडले. आधी 'होत्याचं नव्हतं'. मग त्याच्याखाली एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही होते. तिने शब्द दिल्याप्रमाणे दहाच्या दहा घाव गेले. अंधारशेठचा एक प्राण राहिला. दादाने त्याची गड्डी उलटली, संकट शेवटच्या घरात चढलं, आणि आम्ही हरलो.

बेकरीवाला सवयीने पत्ते गोळा करायला लागला आणि दादाने टाकलेल्या पत्त्यांशी येऊन थांबला. वरचाच पत्ता त्याने उचलून धरला. 'कोपरखळी'. चिलखत्याचा सगळ्यात किरकोळ पत्ता, फुकट खेळता येतो. घाव, एक.

"दादा," तो हळूच म्हणाला, "ही तुमचीच ना? आत्ता ढालीसाठी टाकलीत ती?"

माझं डोकंच फिरलं. "तुझ्या हातात होती? आणि तू ती टाकलीस? ती ओरडून सांगत होती एक घाव मारा म्हणून! बहिरा आहेस का?"

"ऐकलं मी," दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण तिच्याकडे खरंच पाच आहेत हे मी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्यावर मी कशी..."

तो पुढे सही म्हणणार होता. मला माहीत आहे, कामावरचं त्याचं वाक्य आहे ते. न पाहिलेल्यावर मी सही करत नाही. ते त्याने गिळलं. मग पत्त्यांकडे बघत बघत त्याने मनातल्या मनात काहीतरी आकडेमोड केली, वहिनीकडे वळला, आणि मोठ्या मनाने म्हणाला, "पत्ता चांगला आहे. मी त्याला कमी लेखलं. पास करायला हवा होता."

त्याच्या लेखी ती माफी होती. एवढी मोठी माफी त्याने आयुष्यात कुणाची मागितली नसेल.

वहिनी उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र तसाच, कामावरचा. "मी पत्त्याबद्दल बोलत होते असं वाटतंय का तुम्हाला अजून?" ती म्हणाली. "पत्ता पास झाला. फार छान झालं. रोज अनोळखी माणसं फोनवर माझ्या शब्दावर आपलं माणूस सोपवतात हो. त्यांना मी दिसतही नाही. तुमच्याकडून मला एक कोपरखळी मिळाली नाही."

ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी गेले तर वहिनी कामावर गेलेली. खरंच पाळी मागून घेतली होती तिने. बेकरीवाला आलाच नाही. म्हणाला, "तिकडे मला बसवत नाही." दादा टेबलाशी एकटा. समोर अख्खा खेळ मांडलेला, चारही महानायक. माझ्या डोक्यात सणक गेली. ह्या माणसाला लाज कशी वाटत नाही? बायको घर सोडून रविवारी कामावर जातेय आणि हा इथे तिचे पत्ते खेळतोय!

मी जवळ जाऊन पाहिलं. तीन हात उघडे होते. ठिणगीचे सहा पत्ते पालथे होते.

"हे काय?"

"तिचे आहेत," दादा म्हणाला.

"ते कळलं. मग खेळ की."

"तिची पाळी आहे."

"ती संध्याकाळी येणार, दादा."

"मग थांबतो."

"आणि तोवर काय करणार आहेस?"

"काही नाही." तो हाताची घडी घालून बसला होता. दाढी केलेली नव्हती. आता मला त्याचा राग यावा की कीव यावी? राग आला. रागच आला. अरे, हेच तोंडाने सांग ना तिला! ऊठ, फोन कर, जा तिच्या ऑफिसच्या दाराशी जाऊन उभा राहा! हे असं पत्ते पालथे घालून बसल्याने तिला काय समजणार आहे? मी हे सगळं त्याला ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला बोललेलं नीट जमत नाही. मी बोललो की ते पत्त्याबद्दलच होतं."

वहिनी आली तेव्हा मी मुद्दाम थांबले होते. तिने पायातले बूट काढले, टेबलाकडे पाहिलं, पालथ्या पत्त्यांकडे पाहिलं.

"तुझी पाळी आहे," दादा म्हणाला.

"मी दमलेय," ती म्हणाली आणि आत गेली.

तो "बरं" म्हणाला. मला वाटलं, आता आवरेल. त्याने कपाटातून एक जुनी चादर काढली आणि मांडलेल्या खेळावर हलक्या हाताने पसरली, पत्ते सरकणार नाहीत अशी.

तो खेळ तसाच राहिला. त्यांच्या घरात टेबल एकच आहे. दोघं स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवायला लागली. वहिनी मला फोनवर म्हणाली, "हे काय नाटक चालवलंय तुझ्या भावाने? पाय दुखतात माझे." मी म्हटलं, "तू आवर म्हण ना त्याला." तर म्हणाली, "मी का म्हणू? मी मांडलंय का?" मी दादाला फोन केला, तर हा म्हणतो, "तिची पाळी झाली की आवरतो." दोघांनीही मला वेड लावायचं ठरवलं होतं. मी बेकरीवाल्याला म्हटलं, मी आता दोघांचेही फोन घेणार नाही.

आणि मग एका सकाळी फोन आला. मी पोरांना शाळेच्या फाटकाशी उतरवून बस बाजूला लावत होते. दादाचं नाव दिसलं. हा कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून मी हातातलं सगळं टाकून घेतला.

"काय झालं रे?"

"ती खेळली," दादा म्हणाला.

"काय?"

"आत्ता. निघता निघता. खांद्याला पर्स, एका पायात बूट. चादर उचलली, पत्ते हातात घेतले, माझ्याकडे पाठ करून बघितले, एक टाकला, बाकीचे पालथे ठेवले आणि गेली."

"काही बोलली?"

"'झाली माझी पाळी' म्हणाली."

"मग? कुठला टाकला?"

पलीकडे त्याचा आवाज एकदम फुटला, जणू किती वेळ दाबून धरला होता. "चुकीचा! अगं, साफ चुकीचा! अंधारशेठ ढाल लावून बसलाय आणि हिने त्याच्यावर लाल टाकला! डोंगरोबा आता मरतोय! एक फेरी थांबली असती तर..."

"दादा," मी घाईने म्हटलं, "तू हे तिला बोललास?"

"नाही."

"नक्की? तोंडावर दिसलं असेल तुझ्या."

"नाही दिसलं. मी खिडकीतून बाहेर बघत उभा होतो. ती जिना उतरून कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होतो." तो धापा टाकत होता. "मग तुला फोन केला."